गवत, पाणी, वाट आणि कळप

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



प्राथमिक शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या लावा’ हा प्रश्न पिढ्यानपिढ्या येत आला आहे. चिमणीपुढे घरटे, गायीपुढे गोठा, कोंबडीपुढे खुराडे आणि घोड्यापुढे तबेला, एवढे लिहिले की पूर्ण गुण मिळतात. घोड्याच्या कुळाचा इतिहास मात्र सुमारे साडेपाच कोटी वर्षांचा आहे आणि त्यातली जेमतेम शेवटची चार हजार वर्षे आजचा पाळीव घोडा माणसाच्या दावणीला आहे. त्या काळातही असंख्य घोड्यांनी तबेला कधी पाहिला नाही. मंगोलियातले आणि सायबेरियातले पाळीव घोडे आजही बारा महिने उघड्यावर जगतात. उलट युक्रेनमध्ये चेर्नोबिलच्या निर्मनुष्य पट्ट्यातले रानटी घोडे माणसांनी सोडून दिलेल्या पडक्या इमारतींत आसरा घेताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. रानटी घोडा रानात आणि पाळीव घोडा तबेल्यात, ही वाटणी प्रत्यक्षात टिकत नाही.

म्हणून आज घोड्याच्या घराचा विचार त्याच्या गरजांपासून सुरू करू. त्या चार आहेत: दिवसभर चरायला गवत, चालत गाठता येईल असे पाणी, पुढे जायला मोकळी वाट आणि सोबतीला कळप. घोडा गोबीच्या वाळवंटातला असो, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा असो की धनगराच्या वाड्यामागून, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळामागून, चालणारा असो, यात फरक पडत नाही. जिथे यातली एखादी गोष्ट माणसाने तोडली, तिथे घोडा खचला. जिथे ती परत जोडून दिली, तिथे नामशेष झालेला घोडाही रानात परतला.

हे असे का, ते घोड्याच्या शरीरात पाहता येते. घोडा रवंथ करत नाही. गायीला चार कप्प्यांचे पोट असते. ती भराभर चरते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने फारच लहान, आठ ते पंधरा लिटरचे असते. गवत तिथे फार थांबत नाही. ते कुजवून त्यातून ताकद काढण्याचे काम पुढे अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात चालते. त्यामुळे घोड्याला हलक्या प्रतीचे, वाळलेले गवतही चालते, पण ते थोडे थोडे आणि सतत लागते. मोकळा घोडा दिवसाचे चौदा ते सोळा तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. पोट तासन्‌तास रिकामे राहिले की त्याच आम्लाने जठराला व्रण पडतात.

पायांचेही तसेच. ऑस्ट्रेलियात मोकाट घोड्यांच्या गळ्यात उपग्रह-यंत्रे बांधून संशोधकांनी त्यांची चाल मोजली, तेव्हा ते दिवसाला सरासरी सोळा किलोमीटरच्या आसपास चालतात असे दिसले. चाऱ्यासाठी काही घोडे पाणवठ्यापासून पंचावन्न किलोमीटर दूरपर्यंत गेले होते. झोपेलाही सोबत लागते. घोडा उभ्याने डुलकी घेऊ शकतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते आणि ते तो सहसा तेव्हाच करतो, जेव्हा शेजारी दुसरा घोडा जागा असतो. एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असा त्याचा संसार. वयात आलेले तरुण नर बाहेर पडून आपापली टोळी करतात.

हा प्राणी घडला उत्तर अमेरिकेत. तिथून बेरिंगच्या भूपट्टीवरून तो आशियात आणि पुढे युरोपात पसरला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरताना, अमेरिकेतला घोडा नाहीसा झाला. बदलते हवामान आणि माणसाची शिकार ही त्याची दोन मोठी कारणे मानली जातात. युरोप-आशियातही जंगल वाढले तसा गवताळ प्रदेश आक्रसला आणि घोडे मुख्यतः काळ्या समुद्राच्या उत्तरेपासून मंगोलियापर्यंत पसरलेल्या स्टेपच्या गवतावर टिकून राहिले.

त्याच स्टेपवर तो पाळला गेला. प्राचीन घोड्यांच्या हाडांतल्या डीएनएचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या साऱ्या पाळीव घोड्यांचे मूळ त्याने व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यात दाखवले. इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमारास तिथले घोडे वेगाने चहूकडे पसरले. त्याआधी, इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमारास, उत्तर कझाकस्तानातल्या बोताई इथले लोक मोठ्या प्रमाणावर घोड्यांवर जगत होते. त्यांनी ते घोडे खरोखर पाळले होते की केवळ मारून खाल्ले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. २०१८ मध्ये मात्र एक वेगळीच गोष्ट समोर आली: बोताईच्या घोड्यांचा वंश आजच्या पाळीव घोड्यांकडे न जाता मंगोलियाच्या रानटी घोड्यांकडे जातो.

हा मंगोलियाचा रानटी घोडा म्हणजे ‘तखी’. बुटका, भरदार, पिवळसर तपकिरी, तोंडाशी पांढुरका, आणि आयाळ खाली न झुकता ताठ उभी. पाळीव घोड्यात ६४ गुणसूत्रे असतात, तखीत ६६. रशियन प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की याच्याकडे १८७८ मध्ये या प्राण्याची कवटी आणि कातडे आले. १८८१ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि प्रवाशाचे नाव घोड्याला चिकटले. त्यानंतर युरोपातल्या धनिकांना आणि प्राणिसंग्रहालयांना तो हवासा वाटू लागला. मोठे घोडे पकडता येत नसत, म्हणून कळपाचा पाठलाग करून दमलेली शिंगरे पकडली जात. १९०१ मध्ये कार्ल हागेनबेक या प्राणिव्यापाऱ्याने अशी २८ शिंगरे हॅम्बुर्गला नेली.

पुढच्या अर्ध्या शतकात मंगोलियातल्या रानात तखी विरळ होत गेला. शिकार होतीच, कडक हिवाळे होते, आणि पाळीव जनावरांच्या कळपांनी चांगली कुरणे व पाणवठे अडवले होते. हटत हटत तो झुंगारियाच्या गोबीपर्यंत, म्हणजे त्याला पेलेल अशा जागेच्या अगदी कडेला जाऊन पोचला. १९६९ मध्ये तिथे तो शेवटचा दिसला. बंदिवासातल्या घोड्यांची अवस्थाही बिकट होती. दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधल्या अस्कानिया-नोवाचा कळप नष्ट झाला आणि प्रजननाची सारी भिस्त मुख्यतः म्युनिक आणि प्राग इथल्या प्राणिसंग्रहालयांवर आली. आज जगात जेवढे तखी आहेत ते रानातून पकडलेल्या केवळ डझनभर घोड्यांचे वंशज आहेत. प्राग प्राणिसंग्रहालय १९५९ पासून प्रत्येक तखीची वंशावळ नोंदवत आले आहे. ती वही नसती तर पुढचे काहीच शक्य झाले नसते.

नेदरलँड्समधल्या यान आणि इंगे बाउमान या दांपत्याला प्रागच्या प्राणिसंग्रहालयात हे घोडे पिंजऱ्यात पाहून राहवले नाही. १९७७ मध्ये त्यांनी तखीसाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. त्यांनी घोडे थेट मंगोलियाला धाडले नाहीत. आधी विस्तीर्ण कुंपणाच्या कुरणांत घोड्यांचे गट सोडले. कळपात राहणे, नराने घोड्या राखणे, बर्फाखालचे गवत खुराने उकरून खाणे हे त्यांना पुन्हा अंगवळणी पडू दिले. १९९२ मध्ये पहिले घोडे विमानाने मंगोलियाला आले. उलानबातरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर खुस्ताईच्या डोंगराळ गवताळ प्रदेशात एक कळप उतरला, आणि दुसरा गोबीच्या कडेला तखिन ताल इथे. खुस्ताईत आज चारशेच्या आसपास घोडे मोकळे फिरतात. पाळीव घोड्यांशी संकर होऊ नये म्हणून वनरक्षक आजूबाजूच्या कळपांवर सतत लक्ष ठेवतात.

वाट तुटली की काय होते याचा धडा तखिन तालने दिला. मंगोलियात ‘झुद’ नावाचे संकट येते. उन्हाळा कोरडा जातो, गवत तुटपुंजे उगवते आणि मागून येणारा हिवाळा त्यावर जाड बर्फ पसरतो. २००९-१० च्या हिवाळ्यात मोठा झुद पडला आणि देशभरात लक्षावधी जनावरे मेली. तखिन ताल भागातले तखी एका मर्यादित टापूला धरून होते. त्यांतले जवळपास साठ टक्के त्या एका हिवाळ्यात गेले. त्याच गोबीत राहणाऱ्या रानगाढवांना मात्र फारशी झळ बसली नाही, कारण बर्फ कमी होता त्या दिशेला ती सरकली. दोन्ही प्राणी गवतावरच जगणारे, थंडी दोघांनाही सारखीच. रानगाढवांना शेकडो किलोमीटर हिंडायची वाट माहीत होती आणि नव्याने आलेल्या तखींना ती अजून ठाऊक नव्हती. तेव्हापासून सारे घोडे एकाच ठिकाणी न ठेवण्याचे धोरण अधिक नेटाने राबवले जाते. चीनमध्ये शिंजियांगच्या कलामाइली भागात २००१ पासून तखी सोडले गेले. २०२४ मध्ये प्राग आणि बर्लिनहून काही घोडे कझाकस्तानच्या स्टेपवर नेण्यात आले.

तखी हा रानटी घोड्याचा शेवटचा धागा. एरवी ज्यांना आपण रानटी म्हणतो, ते बहुतेक पाळीव घोड्यांचे मोकाट वंशज असतात.

त्यांतले सर्वांत प्रसिद्ध अमेरिकेचे मस्टँग. १४९३ मध्ये कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत घोडा कॅरिबियन बेटांवर आला आणि १५१९ मध्ये कोर्तेससोबत सोळा घोडे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले. ज्या खंडात घोडा जन्मला, तिथे तो सुमारे दहा हजार वर्षांनी परत आला. विसाव्या शतकात मस्टँग पकडून कत्तलखान्यात धाडले जात. नेवाडातल्या व्हेल्मा जॉन्स्टन या बाईंनी याविरुद्ध मोहीम उघडली, शाळकरी मुलांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि १९७१ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला. आज पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवर मोकाट घोडे आणि गाढवे मिळून सत्तर हजारांच्या आसपास आहेत. जमिनीला झेपेल असा सरकारी अंदाज मात्र सुमारे २७ हजारांचा आहे. हेलिकॉप्टरने हाकून पकडलेले साठ हजारांहून अधिक घोडे-गाढवे सरकारी खर्चाने कोंडवाड्यांत आणि खासगी कुरणांत पोसले जातात. घोडा वाचला, पण त्याच्या जमिनीचा प्रश्न सुटला नाही.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न आणखी टोकाला गेला. घोडा तिथला मूळचा नव्हेच. तो १७८८ मध्ये पहिल्या वसाहतवाल्यांबरोबर आला. कोशियुस्को राष्ट्रीय उद्यानात ब्रंबी म्हणजे मोकाट घोडे डोंगरमाथ्यावरच्या शेवाळी दलदली तुडवतात आणि तिथल्या दुर्मीळ बेडकांचा निवारा जातो. म्हणून त्यांची संख्या तीन हजारांवर आणण्याचा आराखडा झाला आणि २०२३ मध्ये हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी मिळाली. ब्रंबीवर जीव लावणारे लोक आणि डोंगर राखू पाहणारे लोक यांच्यातला हा वाद कडवट आहे. घोड्याला जागा देताना तिथे आधीपासून राहणाऱ्या जिवांची जागा हिरावली जाऊ शकते, हे त्यातून नीट दिसते.

नामिबियात गारुब इथला कळप एका पाणवठ्यावर उभा आहे. वाफेच्या इंजिनांसाठी रेल्वेने तिथे विहीर खणली होती. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सुटलेले लष्करी घोडे त्या पाण्याभोवती राहिले आणि वाळवंटात तगले. गेल्या दशकात तरसांनी त्यांची शिंगरे मारायला सुरुवात केली. २०१२ नंतर काही वर्षे एकही शिंगरू मोठे झाले नाही. वन्यजीव म्हणून तरसाला राखायचे की इतिहासाची खूण म्हणून घोड्याला, असा पेच तिथल्या सरकारपुढे उभा राहिला. शेवटी तरसे हलवली गेली आणि शिंगरे पुन्हा दिसू लागली.

भारतातही असा एक कळप आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या पूरमैदानात ३४० चौरस किलोमीटरचे दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या नदीपात्रातल्या गवताळ बेटांवर मोकाट घोडे राहतात. दुसऱ्या महायुद्धात या भागात आणलेल्या लष्करी घोड्यांचे ते वंशज मानले जातात. दर पावसाळ्यात पूर आला की त्यांना उंच जागा शोधावी लागते.

अस्सल रानटी घोडा भारतात नाही, पण त्याचे भाऊबंद आहेत. लडाखच्या पठारावर कियांग हिंडतो. कच्छच्या छोट्या रणात घुडखर, म्हणजे रानगाढव आहे. रण पावसाळ्यात पाण्याखाली जाते तेव्हा घुडखर ‘बेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यांवर गोळा होतात आणि पाणी ओसरले की पांगतात. साठच्या दशकात रोगराईने आणि दुष्काळाने ते काही शेंवर आले होते. १९७३ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२४ च्या गणनेत त्यांची संख्या ७,६७२ भरली. गवत आणि वाट शाबूत ठेवली तर काय घडते, याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण आहे.

कुंपण घालून ‘निसर्ग’ उभा करण्याचा प्रयोग मात्र नेदरलँड्सला महागात पडला. ओस्टफार्डर्सप्लासन इथे समुद्र हटवून मिळवलेल्या सुमारे ५६ चौरस किलोमीटर जमिनीवर १९८० च्या दशकात कोनिक जातीचे घोडे, गुरे आणि नंतर हरणे सोडली. शिकारी प्राणी नव्हते आणि कुंपणापलीकडे जायला वाट नव्हती. कळप वाढले, गवत संपले. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिथली तीन हजारांहून अधिक जनावरे गेली. त्यांतली बहुतेक उपासमारीने खंगल्यामुळे वनरक्षकांना गोळ्या घालून मारावी लागली. आजूबाजूच्या लोकांनी कुंपणावरून गवताच्या पेंढ्या आत टाकल्या. शेवटी तिथला कारभार बदलावा लागला.

आता पाळीव घोड्यांकडे वळू. मंगोलियात माणसे सुमारे पस्तीस लाख आणि घोडे त्याहून जास्त. हे घोडे पाळीव आहेत, त्यांच्या मांडीवर मालकाचा डाग असतो, पण ते कळपाने स्टेपवरच राहतात. लागेल तेव्हा गुराखी लांब काठीला बांधलेल्या फासाने हवा तो घोडा पकडतो, काही दिवस वापरतो आणि परत सोडून देतो. आइसलंडमध्ये बाहेरचा घोडा बेटावर येऊ न देण्याची रीत दहाव्या शतकापासूनची आहे, आणि एकदा बाहेर गेलेला आइसलंडी घोडाही परत घेतला जात नाही. तिथे उन्हाळ्यात घोडे सामाईक डोंगरी कुरणांवर सोडतात. सप्टेंबरच्या अखेरीस सारा गाव ते हाकून आणतो आणि ज्याचे त्याला वाटून देतो. तो दिवस सणासारखा साजरा होतो. सायबेरियात याकुतियाचा घोडा शून्याखाली पन्नास अंशांच्या थंडीतही उघड्यावर राहतो आणि खुराने बर्फ उकरून गवत खातो. याकुत लोक तेराव्या शतकाच्या सुमारास त्याला तिथे घेऊन आले. साधारण आठशे वर्षांत त्याची लव दाट झाली आणि बांधा आखूड झाला.

याच्या दुसऱ्या टोकाला शहरातला घोडा आहे. त्याला चंदी वेळेवर मिळते, खरारा होतो, नालबंद येतो, डॉक्टरही येतो. तरीही दिवसातले कित्येक तास तो चार भिंतींच्या खोलीत एकटा उभा असतो. अशा घोड्यांना लाकूड चावण्याची, हवा गिळण्याची, एकाच जागी झुलत राहण्याची सवय लागते. मोकळ्या कळपात ती दिसत नाही. जगभरच्या अश्ववैद्यांनी त्यावर सुचवलेले उपाय म्हणजे त्याच चारांपैकी तीन गोष्टी: दाण्याऐवजी गवताचे प्रमाण वाढवा, रोज मोकळे सोडा, शेजारचा घोडा दिसेल आणि शिवता येईल अशी खिडकी ठेवा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांना यातले काहीच शक्य नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्या गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करायला सांगितले. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये घोडा आजही लाल मातीच्या वाटांवर माणसे वाहतो. त्याच्या श्रमावर कुटुंबे जगतात, तेव्हा त्याला पाणी, विश्रांती आणि मोकळी जागा मिळते का, हे पाहणे पर्यटकांचेही काम आहे.

भारतातल्या घोड्यांच्या जाती म्हणजे भारताच्या भूगोलाचा नकाशाच आहे. मारवाडी, काठियावाडी आणि कच्छी-सिंधी कोरड्या पश्चिमेचे. झांस्करी, स्पिती आणि भूतिया हिमालयाचे. मणिपुरी तट्टू इंफाळच्या खोऱ्यातल्या पाणथळ कुरणांचे. आधुनिक पोलोचा खेळ ज्याच्या पाठीवरून जगभर गेला, ते हे तट्टू. इंफाळभोवतालच्या लांफेलपाटसारख्या पाणथळी बांधकामाखाली गेल्या आणि तट्टू रस्त्याकडेला कचऱ्यात तोंड घालताना दिसू लागले. मणिपूर सरकारला त्यांच्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र धोरण आखावे लागले. देशभरचे चित्रही उतरणीचे आहे. २०१९ च्या पशुगणनेत भारतात घोडे आणि तट्टे मिळून ३ लाख ४० हजारांच्या आसपास होती. २०१२ च्या तुलनेत ही घट पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक आहे.

दख्खनचा घोडा हा या साऱ्यातला आपल्या अगदी जवळचा धागा. दक्षिण भारताची दमट हवा घोड्याला मानवत नसे. तेराव्या शतकात मार्को पोलोने लिहिले की तिथे अरबस्तानातून हजारो घोडे येतात, पण फार जगत नाहीत, आणि त्यांना शिजवलेला भात खायला घालतात. म्हणून दक्षिणेतल्या सत्ता शतकानुशतके समुद्रावरून घोडे आणत राहिल्या. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत अरबी आणि इराणी घोडे उतरत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला तेव्हा होर्मुझहून येणारे घोडे गोव्यातच उतरावेत असा त्यांनी बंदोबस्त केला; विजयनगर आणि विजापूर या दोघांनाही त्यांच्या दारात यावे लागले.

बंदरात उतरलेला घोडा टिकला मात्र घाटावर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत भीमा आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत हवा कोरडी, पाऊस थोडा आणि माळ गवताचे. तिथे स्थानिक तट्टू आणि बाहेरून आलेले घोडे यांच्या संकरातून भीमथडीचे तट्टू घडले: बुटके, काटक, थोडक्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारणारे. मराठ्यांच्या वेगवान फौजेचा ते कणा होते. आणि त्या फौजेला घोड्याच्या चाऱ्याची किती काळजी होती, ते शिवाजी महाराजांच्या चिपळूणजवळच्या पायगेला धाडलेल्या प्रसिद्ध पत्रात दिसते. १६७० च्या दशकातले हे पत्र. दाणा-वैरण आत्ताच बेहिशेब उडवली तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि मग तुम्ही रयतेला छळाल, असा त्यात इशारा आहे. दिव्याची जळती वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाईने त्यात लिहिले आहे. राज्य उभारणारा माणूस छावणीतल्या गवताच्या गंजीचा विचार करत होता.

२०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा अभिमानाने उल्लेख येतो. समारंभात आपण उभे राहून ते गातो. पण ही तट्टे आज कुठे राहतात? पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत, मुख्यतः मेंढपाळ धनगरांच्या वाड्यांबरोबर. दिवाळीच्या सुमारास मेंढ्यांची खांडे कोकणाकडे आणि बागायती भागाकडे निघतात. घोडीच्या पाठीवर अख्खा संसार असतो: जाळ्या, भांडी, गोधड्या, कोंबड्या, चालता न येणारी कोकरे आणि कधी त्यांच्याबरोबर लहान मूलही. रात्री शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात आणि घोडी तिथेच बांधाला चरते. पाऊस जवळ आला की वाडे माघारी फिरतात. या घोडीला तबेला नाही, पण गवत, पाणी, वाट आणि कळप हे चारही आहे. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, ती या मेंढपाळांनी जात जिवंत ठेवली म्हणून.

ही मान्यता कागदावर राहू नये असे वाटत असेल तर धनगराची वाट राखावी लागेल. ती झपाट्याने अरुंद होते आहे. माळांवर उसाचे पट्टे आले, रस्ते रुंद झाले, प्लॉट पडले, गायरानांवर बांधकामे झाली. गवताळ माळ सरकारी नोंदीत पडीक जमिनीत मोडतो, त्यामुळे तिथे चर खोदून झाडे लावणे हे पुण्यकर्म समजले जाते. गवत मात्र त्या सावलीत मरते. घोडी, मेंढी, काळवीट, लांडगा आणि माळढोक हे सारे त्याच गवताचे धनी आहेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी लाखमोलाचे घोडे पाहायला गर्दी लोटते, आणि लोटावी. पण जातिवंत घोडा विकत घेता येतो, त्याचे कुरण विकत घेता येत नाही.

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. मेंढपाळ कुटुंबांचे दावे भरून घेण्यासाठी सुशिक्षितांनी पुढे यावे. २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले आहेत. ग्रामसभेत आपल्या गावच्या गायरानाचा उतारा मागवून वाचावा. माळावर झाडे लावण्याचा कार्यक्रम आखला जात असेल तर ती जागा मुळात गवताची आहे का, हे आधी विचारावे. पशुसंवर्धन खात्याने वाड्यांच्या ठरलेल्या मुक्कामांवर लसीकरण आणि पाण्याची सोय करावी. आणि या दिवाळीनंतर घाटरस्त्यावर मेंढ्यांमागून ओझे घेऊन चाललेली घोडी दिसली, तर गाडीचा हॉर्न न वाजवता थांबावे, तिला रस्ता द्यावा आणि तिच्या मालकाला येत्या मुक्कामी पाणी मिळणार आहे का, एवढे विचारावे.